‘पॉझिटिव्ह’ या शब्दाचे ओझे : नवजात तपासणीचा निष्कर्ष आणि नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातील पालक

नवजात बालकांच्या रक्ततपासणीचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने प्रयोगशाळा, यंत्रसामग्री व उद्दिष्टपूर्ती या अंगांनी झालेला आहे. तपासणीत दोष आढळल्यास ती वार्ता पालकांना कोणी, कोणत्या शब्दांत व कोणासमक्ष सांगावी, हा प्रश्न मात्र दुय्यम ठरला. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या नाशिक जिल्ह्यातील आदिवासीबहुल तालुक्यांत ही उणीव विशेष जाणवते.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने जन्मजात दोषांची तपासणी सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेच्या कक्षेत आणली. पुढे १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशनचा प्रारंभ झाला. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींच्या तपासणीचे लक्ष्य ठेवण्यात आले. समुपदेशनाचा उल्लेख मिशनमध्ये आहे. परंतु मोजली जाते ती तपासणी. किती कुटुंबांना निष्कर्ष समजला, याचे असे लक्ष्य नाही.

निष्कर्ष सांगताना सर्रास योजला जाणारा शब्द म्हणजे ‘पॉझिटिव्ह’. एड्सविषयक मोहिमा व २०२० ची कोविड साथ यांमुळे तो पाड्यापाड्यांवर पोहोचला आणि येताना संसर्गाची भीती व बहिष्काराची छाया घेऊन आला. नवजात तपासणीत मात्र या एकाच शब्दाखाली तीन भिन्न अर्थ दडलेले असतात : नुसता संशय, सिद्ध झालेला आजार आणि केवळ वाहकत्व. जन्मजात थायरॉईड-न्यूनतेचा संशय असेल तर घाई आवश्यक असते. पक्की तपासणी करून पहिल्या दोन आठवड्यांतच गोळी सुरू झाली, तर बौद्धिक वाढ खुंटण्याचा धोका टळतो. याउलट, बालक सिकलसेलचे केवळ वाहक असेल तर त्याला सहसा औषधाची गरजच नसते. तेथे हवा असतो सांगणाऱ्याचा वेळ. घाईची वार्ता आणि सवडीची वार्ता एकाच स्वरात सांगितली जाणे, हा प्रचलित पद्धतीचा मूलभूत दोष होय.

‘वाहक’ हा शासकीय पर्यायही फारसा उपकारक नाही. सामान्य मराठी माणसाला वाहक ठाऊक आहे तो एस. टी.चा! शिवाय वाहक-बालकाचे कार्ड हाती देताना त्याच्या भावी विवाहाविषयी बजावले जाते. म्हणजे बारशाआधीच सोयरिकीचा सल्ला. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी अपत्याची शक्यता चारात एक असते. हे विधान ‘चार मुलांपैकी एक’ असे ऐकले जाते आणि एक आजारी झाले, आता पुढची तीन सुरक्षित, असा घातक निष्कर्ष काढला जातो.

बालकाचा अहवाल हा मातापित्यांच्या रक्ताचाही अहवाल असतो, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. अहवाल तेथे पोहोचतो तेव्हा पिता गावी किंवा दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीवर असतो. परिणामी रक्त तपासले जाते ते आईचे, आणि दोषही तिच्याच माथी येतो. बालकास प्रत्यक्ष सिकलसेल आजार असेल, तर सामान्यतः दोन्ही बाजूंकडून जनुक आलेले असते. हे वाक्य सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर उच्चारले जाणे औषधाइतकेच आवश्यक आहे.

ही जबाबदारी प्रत्यक्षात येते ती आशा कार्यकर्ती व परिचारिका यांच्यावर. घरी जाऊन नवजाताची पाहणी करण्याच्या आशांच्या भेटी बाळ ४२ दिवसांचे होईपर्यंत ठरलेल्या आहेत. वजन, तापमान, स्तनपान यांबाबत काय पाहावे व सांगावे याचे प्रशिक्षण त्यांना मिळते. संशयित अहवालासाठी मात्र कोकणी वा भिल्ली बोलीत सांगता येतील अशी चार सोपी वाक्ये त्यांच्या हाती देण्याची निकड व्यवस्थेला वाटलेली दिसत नाही. त्या वाक्यांतील पहिले ‘हा अजून संशय आहे’ असे असावे आणि दुसरे, पित्याचेही रक्त तपासावे लागेल, असे.