परतणे आणि बिऱ्हाड हलवणे : महानगराकडून लहान गावाकडे होणाऱ्या स्थलांतराचा विचार

१

स्थलांतर हे मराठी कथात्म साहित्यातील एक स्थायी आशयसूत्र आहे. परंतु या स्थलांतराची दिशा आपण बहुधा एकच गृहीत धरतो. खेड्यातून निघालेला माणूस मुंबईला येतो, गिरणीत, गोदीत, चाळीत, कचेरीत कसाबसा सामावतो, आणि या सामावण्यात त्याचे काय होते याची कहाणी सांगितली जाते. उलट दिशेच्या प्रवासासाठी मात्र आपल्याजवळ एकच क्रियापद आहे : परतणे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगाव सोडून कोकणात किंवा घाटावर गेलेला कामगार 'परतला' असे आपण म्हणतो. २०२० च्या टाळेबंदीत शहरांतून पायी निघालेल्या लोकांविषयीही हेच क्रियापद वापरले गेले. या क्रियापदात दोन गृहीतके दडलेली आहेत. माणसाला एक मूळ जागा असते हे पहिले. आणि ती जागा त्याला पूर्वीच्याच नात्याने सामावून घेते हे दुसरे.

जो माणूस महानगर सोडून त्याच्या नसलेल्या एखाद्या लहान गावी राहायला जातो, त्याचे काय? तो परतत नाही, कारण तेथे तो कधी नव्हताच. तो मुंबईला येणाऱ्या माणसासारखा महत्त्वाकांक्षेनेही निघालेला नाही. या तिसऱ्या प्रकारच्या हालचालीला आपल्या समीक्षेने नाव दिलेले नाही. म्हणून ती ज्या कृतींत केंद्रस्थानी आहे त्या कृतीही आपण परतण्याच्या किंवा पराभवाच्या चौकटीतच वाचत आलो. प्रस्तुत लेखात तीन कृतींच्या आधारे या हालचालीचा विचार करावयाचा आहे. लहान गावाचा 'संथपणा' हा त्या गावाचा गुणधर्म नसून येणाऱ्या माणसाचा त्या गावाशी जो संबंध जुळतो त्याचे ते नाव आहे, आणि आपल्याकडे हा संबंध सर्वप्रथम जातीने व उपजीविकेने ठरतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

प्रथम शब्दांचा प्रश्न. मराठीत 'गाव' हा शब्द कमालीचा व्यापक आहे. शेपन्नास उंबऱ्यांची वस्तीही गाव, आणि मुंबईकराच्या तोंडी रत्नागिरी किंवा अमरावती हेही गावच. या दोहोंच्या मधल्या वस्त्यांसाठी आपल्याजवळ आहेत ते सगळे शब्द प्रशासनाचे आहेत : तालुक्याचे ठिकाण, जिल्ह्याचे ठिकाण. समीक्षेने 'निमशहर' हा शब्द वापरात आणला खरा, पण त्यातला 'निम' हा उपसर्गच सांगतो की ही जागा तिच्या स्वतःच्या मापाने मोजली जात नाही. शहर होण्यात ती कितीशी कमी पडली एवढेच मोजले जाते.

साहित्याच्या वर्गीकरणातही हीच अडचण आहे. ग्रामीण, महानगरीय, दलित अशा कप्प्यांची विभागणी चळवळींच्या काळात आवश्यक होती आणि तिने साहित्यव्यवहार बदलला, हे निर्विवाद. परंतु हे कप्पे पुढे अभ्यासक्रमाचे कप्पे झाले. मुंबई सोडून तालुक्याच्या गावी बिऱ्हाड करणाऱ्या नायकाची कादंबरी ग्रामीण नव्हे आणि महानगरीयही नव्हे. अशा कृतीचे वाचन मग लेखकाच्या वैचारिक भूमिकेवरून होते, कृतीतील अवकाशावरून होत नाही.

३

सिद्धान्ताच्या अंगाने दोन आधार येथे उपयोगी पडतात. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०३ च्या आपल्या निबंधात महानगरातील मानसिक जीवनाचे विश्लेषण केले. संवेदनांच्या अखंड माऱ्यापासून स्वतःला वाचवण्यासाठी महानगरातील माणूस अलिप्तता धारण करतो, आणि ही अलिप्तताच त्याला लहान वस्तीत न मिळणारे व्यक्तिस्वातंत्र्य देते, असा त्यांचा विचार आहे. लहान गावात माणसावर माणसांची नजर असते. महानगरात ती सुटते. दुसरा आधार मिखाईल बाख्तीन यांचा. कादंबरीतील कालावकाशाची मीमांसा करताना त्यांनी फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी'च्या संदर्भात प्रांतीय लहान शहराचा स्वतंत्र विचार केला आहे. तेथे घटना घडत नाहीत, दिनक्रम घडतो. काळ पुढे सरकत नाही, वर्तुळाकार फिरतो.

या दोन्ही संकल्पना आपल्या उपयोगाच्या असल्या तरी त्या जशाच्या तशा येथे लागू पडत नाहीत. झिमेलच्या लहान गावातील नजर सर्वांवर साधारण सारखीच असते. मराठी कथनातील गावाची नजर मात्र आधी एक प्रश्न विचारते, आणि उत्तर मिळाल्यावरच पाहू लागते. बाख्तीनचा वर्तुळाकार काळ हा त्या शहरात मुरलेल्या माणसांचा काळ आहे. बाहेरून आलेल्याला त्या वर्तुळात जागा आहे की नाही, आणि असल्यास कोणती, हा प्रश्न तेथे निर्णायक ठरत नाही. आपल्या कृतींत तो पहिल्या पानापासून निर्णायक आहे.

४

या दृष्टीने भालचंद्र नेमाडे यांच्या चांगदेव पाटील या नायकाकडे पाहावे. 'बिढार' (१९७५), 'जरीला' (१९७७), 'झूल' (१९७९) आणि 'हूल' मिळून 'चांगदेव चतुष्टय' होते. मुंबईत इंग्रजी साहित्याचे शिक्षण घेतलेला, लघुनियतकालिकांच्या वर्तुळात वावरलेला हा तरुण मुंबई सोडतो, आणि लहान गावांतील महाविद्यालयांत इंग्रजीचा अध्यापक म्हणून एका गावाहून दुसऱ्या गावी जात राहतो.

या हालचालीमागे इतिहास आहे. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाले. १९६० नंतरच्या काळात जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी खाजगी संस्थांची महाविद्यालये निघत गेली. त्यांना पदव्युत्तर पदवी घेतलेली माणसे हवी होती, आणि ती मुंबई-पुण्याच्या शिक्षणातून तयार होत होती. चांगदेवचे स्थलांतर ही म्हणून केवळ एका अस्वस्थ मनाची कृती नाही. महाराष्ट्राच्या शैक्षणिक विस्ताराने निर्माण केलेली ती एक जागा आहे. मुंबईहून लहान गावी जाणारा अध्यापक ही त्या काळाने घडवलेली व्यक्तिरेखा आहे.

'कोसला' (१९६३) मधील पांडुरंग सांगवीकर पुण्यातील वर्षांनंतर सांगवीला येतो. या परतीचा अर्थ अस्तित्ववादी रिक्ततेच्या अंगाने लावला गेला, तसा देशी परंपरेच्या अंगानेही. दोन्ही अर्थांत परतणे हेच केंद्र राहिले. पुढे देशीवादाच्या चर्चेने मुळांकडे जाण्याला मूल्याचे स्थान दिले, तेव्हा 'कोसला' ही त्या मूल्याची पूर्वखूण म्हणून वाचणे सोपे झाले. चांगदेव मात्र या चौकटीत बसत नाही. तो स्वतःच्या गावी जाऊन स्थिरावत नाही. ज्या गावांशी त्याचे रक्ताचे, शेताचे, देवाचे नाते नाही अशा गावांत तो राहतो. देशीवादाच्या प्रवक्त्यानेच परतण्याच्या कल्पनेला सर्वांत मोठा प्रतिवाद आपल्या चार कादंबऱ्यांतून उभा केला आहे, आणि आपण तो पुरेसा वाचलेला नाही.

'बिढार' या शीर्षकातच हा प्रतिवाद आहे. बिढार म्हणजे बिऱ्हाड, आणि बिऱ्हाड म्हणजे घर नव्हे. ते मांडता येते, तसे हलवताही येते. 'झूल' हे शीर्षकही अर्थपूर्ण आहे : बैलाच्या पाठीवर मिरवण्यापुरती घातली जाणारी, अंगाचा भाग कधीच न होणारी वस्तू. प्राध्यापकाची प्रतिष्ठा या गावांत अशीच पांघरलेली असते.

या गावांचा काळ संथ आहे काय? वरवर पाहता आहे. लोकलच्या वेळापत्रकाचा धाक नाही, बोलायला माणसे आहेत, अंतरे चालत जाण्याजोगी आहेत. परंतु येथील महाविद्यालय हे संस्थाचालकांच्या जातवार गटांचे क्षेत्र आहे. नेमणूक, बढती, बदनामी, मैत्री, एवढेच काय भाड्याची खोलीही या गटांच्या आधाराने चालते. महाराष्ट्रात पाटील हे आडनाव अनेक जातींत आढळते. मुंबईत ते आडनाव एवढेच राहू शकते; लहान गावात ते अपुरे ठरते आणि पुढचा प्रश्न अटळ होतो : कुठले पाटील? झिमेलच्या मांडणीतली सुटलेली नजर येथे पुन्हा येऊन चिकटते, आणि ती जातीची नोंद घेऊनच येते.

त्यामुळे चांगदेवच्या वाट्याला बाख्तीनचा वर्तुळाकार काळ येतच नाही. गावातल्यांचा काळ सणवार, हंगाम, लग्नसराई यांच्या फेऱ्यात फिरतो. चांगदेवचा काळ नोकरीच्या टिकण्या-न टिकण्यावर टांगलेला आहे. संथ गावात राहणारा तो एक घाईतला माणूस आहे. लहान गाव त्याला विसावा देत नाही. ओळख देते, आणि ही ओळखच तेथून निघण्याचे कारण होते. त्याच्या पुन्हा पुन्हा गाव सोडण्याला केवळ वृत्तीची अस्थिरता मानणारे वाचन या गावांची रचना नजरेआड करते.

५

चांगदेवला निदान निघता येते. ज्याला निघता येत नाही त्याचे काय, या प्रश्नाचे उत्तर दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये आहे. या आत्मकथनाकडे येथे मुद्दाम वळण्याचे कारण असे की मुंबईकडून लहान जागेकडे होणारा प्रवास तेथे बालपणीच घडतो. मुंबईतील कावाखाना आणि गावाकडचे धामणगाव या दोन जागांमध्ये दगडूचे बालपण विभागलेले आहे. शब्दशः पाहिले तर हे परतणे आहे. धामणगाव हे त्याच्या कुटुंबाचे गाव आहे. पण हे मूळ गाव त्याला सामावून घेते ते महारवाड्यात.

कावाखाना म्हणजे जातीपासून मुक्तता नव्हती. तेथेही वस्ती जातीचीच, दारिद्र्य तेच, किंबहुना अधिक ओंगळ. तरी एक फरक मूलभूत आहे. मुंबईत श्रमाला मजुरी होती आणि मजुरीच्या वेळेला शेवट होता. पाळी संपली की कामगार त्या दिवसापुरता मोकळा. गावकीच्या कामाला घड्याळ नव्हते. सांगावा आला की जायचे, मयताची खबर पोचवायची, सरकारी माणूस आला की त्याच्यापुढे धावायचे. बलुत्याच्या बदल्यात दिलेला वेळ मोजला जात नसे, कारण तो सगळाच गावाचा मानलेला असे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली, तेव्हा या न मोजलेल्या वेळेवरचा गावाचा कायदेशीर हक्क संपला. व्यवहारातला किती संपला हे दलित आत्मकथनांनी पुढे सांगितले.

या दृष्टीने गावाच्या संथपणाचा अर्थच बदलतो. गावातील काहींना निवांतपणा मिळतो तो इतर काहींच्या न संपणाऱ्या ताटकळण्यातून आणि धावपळीतून. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या गौरवीकरणावर जो प्रहार केला, तो खेडे मागास आहे एवढ्यापुरता नव्हता. खेड्याची रम्य प्रतिमा कोण रंगवतो आणि कोणाच्या अनुभवाला वगळून, हा प्रश्न त्यात होता. 'बलुतं'मधील निवेदनाची दुहेरी योजना, दगडू पवारने आपली कहाणी दया पवारांना सांगणे, ही याच अनुभवातून आली आहे. गावाने दिलेले नाव आणि शिक्षणाने व लेखनाने मिळवलेले नाव ही दोन माणसे झाली आहेत. त्यांतला एक कायमचा परतू शकत नाही, आणि दुसरा कायमचा सुटू शकत नाही.

६

तिसरी कृती स्वेच्छेची आहे. गौरी देशपांडे यांचे 'विंचुर्णीचे धडे' हे पुस्तक फलटणजवळच्या विंचुर्णी येथील त्यांच्या वास्तव्यातून आले. येथे ना नेमणूक आहे, ना नाइलाज; ही निवड आहे. ज्या लेखिकेच्या नायिका देशोदेशी वावरतात आणि नात्यांची नवी मांडणी करू पाहतात, तिने एका लहान खेड्यात मुक्काम करावा यात आशयाची संगती आहे. स्त्रीने आपली राहण्याची जागा स्वतः ठरवावी ही आपल्या समाजात अजूनही साधी गोष्ट नाही. बदलीच्या गावी तिने नवऱ्याच्या सामानाबरोबर जायचे असते.

स्वेच्छेने आलेल्या सुशिक्षित व्यक्तीपुढे एक मोह असतो : गाव हे आपल्या शिणलेल्या मनाचे औषध मानण्याचा. मग गावातल्या माणसांना त्या औषधातील घटकांपलीकडे अस्तित्व उरत नाही. देशपांडे यांच्या शीर्षकातील 'धडे' हा शब्द हा मोह नाकारतो. धडे घेणारा अजाण असतो आणि शिकवणारे दुसरे असतात. तरीही एक भेद वाचकाने विसरू नये. निवडून आलेल्याला निघून जाण्याचीही निवड असते. ही मोकळीक चांगदेवला अर्धीमुर्धी आहे, दगडूला नाही.

७

निवड, नेमणूक आणि नाइलाज हे महानगराकडून लहान गावाकडे येण्याचे तीन प्रकार या तीन कृतींतून हाती लागतात. हे वर्गीकरण अंतिम मानू नये; पण त्यातून वाचनाचे काही प्रश्न मिळतात. येणाऱ्याला गाव कोणत्या नावाने ओळखते? त्याचा वेळ कोण मोजतो? त्याला निघता येते काय? त्याला जो निवांतपणा लाभतो, त्यासाठी कोण ताटकळते? हे प्रश्न विचारले की 'धकाधकीचे शहर' आणि 'शांत गाव' ही जोडी निरुपयोगी होते. गतीचा भेद हा मुळात सत्तेचा भेद आहे असे दिसू लागते.

या प्रश्नांची निकड अभ्यासापुरती नाही. मराठीचे पदव्युत्तर अध्ययन आज मोठ्या प्रमाणात तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गावांत होते. तेथील विद्यार्थी ग्रामीण साहित्याच्या पत्रिकेत खेड्याविषयी लिहितो, महानगरीय जाणिवेच्या पत्रिकेत मुंबईविषयी लिहितो, आणि ज्या गावात बसून तो उत्तरपत्रिका लिहितो ते गाव दोन्हींतून निसटते. बाहेरून आलेला त्याचा प्राध्यापक, भाड्याच्या खोलीसाठी त्या प्राध्यापकाला विचारली गेलेली जात, संस्थेच्या कचेरीबाहेरचे त्याचे थांबणे, हे सारे चांगदेवच्या कादंबऱ्यांत आहे. ते दिसण्यासाठी त्या कादंबऱ्या परतण्याच्या कथा म्हणून वाचणे थांबवावे लागेल.