माशीचं वर्णन कोणी लिहिलं?

मिशेल वेलबेकच्या ‘द मॅप अँड द टेरिटरी’मध्ये एका खुनाच्या जागी माश्या घोंघावत असतात आणि निवेदन एकाएकी घरमाशीची कोरडी माहिती देऊ लागतं. ज्ञानकोशाची ती थंड, कुणाचीच नसलेली भाषा तिथे अंगावर येते. तो तुकडा मला आवडला. तो वेलबेकचा नाही, हे कळल्यावरही आवडतो.

मूळ फ्रेंच कादंबरी 2010ची. त्याच वर्षी तिला गाँकूर पुरस्कार मिळाला, आणि त्याआधीच उघड झालं होतं की घरमाशी, बोवे शहर आणि फ्रेदरिक निउस हा राजकारणी यांच्यावरचे काही उतारे फ्रेंच विकिपीडियावरून जवळजवळ जसेच्या तसे घेतलेले आहेत. वेलबेकने पेरेक आणि बोर्हेस यांचा दाखला देऊन ही आपली लिहिण्याची पद्धतच आहे असं सांगितलं. पद्धत मला मान्य आहे. उचललेल्या मजकुरातून चांगलं साहित्य होऊ शकतं.

पण वर मी ‘कुणाचीच नसलेली भाषा’ असं लिहून गेलो ना, तिथेच घोळ आहे. विकिपीडियाच्या कुठल्याही लेखावर ‘इतिहास पहा’ दाबा. कोणी पहिला परिच्छेद लिहिला, कोणी आकडा दुरुस्त केला, कोणी रात्री दोन वाजता स्वल्पविराम टाकला, सगळी यादी तारीखवार मिळते. भाषा अनेकांची असली की ती कुणाचीच वाटत नाही, एवढंच.

हा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतो. वापरा, बदला, विकासुद्धा. पण श्रेय द्या, परवाना सांगा, बदल केले असतील तर तसं लिहा आणि आपली सुधारित आवृत्ती त्याच परवान्याने खुली ठेवा. शेकडो नावं छापायचीही सक्ती नाही. लेखाचा दुवा दिला तरी चालतं, कारण तिथून इतिहास एका टिचकीवर असतो. नंतरच्या आवृत्तीत वेलबेकने विकिपीडियाचे आणि तिथल्या लेखकांचे आभार मानले, तिन्ही विषयांची नावंही घेतली. पण मजकूर ‘स्फूर्ती’ म्हणून वापरल्याचं सांगितलं. परवान्याचा उल्लेख नाहीच. स्फूर्ती म्हटलं की शब्द कोणाचे, हा प्रश्नच मिटतो!

गंमत म्हणजे या कादंबरीचा नायक चित्रकार आहे आणि तो मिशेलिन कंपनीच्या रस्त्यांच्या नकाशांचे फोटो काढून प्रसिद्ध होतो. नकाशे मिशेलिनचे, हे कादंबरीत सगळ्यांना ठाऊक असतं. कंपनीला नाव असतं. माशीवर लिहिणारे मात्र कंपनी नव्हेत.

एका फ्रेंच ब्लॉगरने तेव्हा उलटं टोक गाठलं: खुला मजकूर आत आहे, म्हणजे अख्खी कादंबरीच खुली झाली, असं म्हणत ती इंटरनेटवर टाकली. प्रकाशकाच्या दबावामुळे ती काढावी लागली. मला तो युक्तिवाद पटत नाही. परवाना मोडला तर तो भंग ठरतो. त्यामुळे लेखकाचं बाकीचं पुस्तक आपोआप सगळ्यांचं होत नाही.

हे सगळं मी शहाजोगपणे लिहितोय, पण माझ्या एका जुन्या लेखात तीन फोटोंखाली मिळून ‘सौजन्य: विकिमीडिया कॉमन्स’ एवढंच होतं. फोटो तिघांचे, परवाने दोन प्रकारचे. म्हणजे वाचनालयातून पुस्तक आणायचं आणि लेखक म्हणून वाचनालयाचं नाव सांगायचं. त्याच लेखातला एक परिच्छेद मराठी विकिपीडियावरचा होता. इतिहास उघडला तर तो इंग्लिश लेखाचा अनुवाद निघाला. म्हणजे मराठीत आणणाऱ्याचं श्रेय वेगळं आणि त्यामागे इंग्लिशमध्ये लिहिणाऱ्यांचं वेगळं. दोन्ही लेखांचे दुवे द्यायला हवे होते. मी एकही दिला नव्हता.

गेल्या आठवड्यात लेख दुरुस्त केला. शेवटी पाच ओळींचं श्रेय आहे. मोबाईलवर ते जवळजवळ अर्धा स्क्रीन खातं. एका छायाचित्रकाराने स्वतःचं नाव न देता टोपणनाव आणि चार आकडे एवढंच दिलंय. ते तसंच ठेवलंय.