क्रूझच्या पत्रकाचे रसग्रहण

मुंबई-गोवा क्रूझचे गुळगुळीत माहितीपत्रक मी समीक्षकाच्या थाटात वाचले. सूर्यास्त, नाच, पोहण्याचा तलाव, सगळे रोमँटिक. ‘सहा महिन्यांखालील बाळास प्रवेश नाही’ एवढेच वाक्य वास्तववादी. धाकट्याचे बाळ आठ महिन्यांचे, म्हणजे पास!

पण धुळ्याच्या पांझरेपलीकडे मोठे पाणी न पाहिलेल्या आमच्या आईने एकच विचारले, “भाऊ, नातवाचे लंगोट वाळत कुठं घालायचे रे?” आख्खे पत्रक नापास!

पंडिता रमाबाई १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन बोटीने विलायतेला गेल्या. तेव्हा पत्रकात दोरी दाखवत असतील का?

खरे रसग्रहण बाळानेच केले. सूर्यास्ताचा कोपरा चोखून थुंकला.

नातवाला सोडून आई जळगाव स्टेशनसुद्धा ओलांडायची नाही. समुद्र मात्र तिला दाखवायचाच. बँकेची एलएफसी शिल्लक आहे. काल दहा फूट सुतळी आणली.