दिवा, पदर आणि खिडकी

महागावच्या आमच्या घरातल्या पेटीत जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा आहे. त्यातला बराच मजकूर मी विसरलो. मुखपृष्ठांवरच्या स्त्रिया मात्र विसरलो नाही. त्यांना ‘पिन-अप’ म्हणता येईल का?

अमेरिकेत १९४० पासून ‘एस्क्वायर’मध्ये अल्बर्टो वर्गासच्या तरुणी झळकू लागल्या. गिल एल्व्हग्रेनने कॅलेंडरांसाठी चित्रे काढली. त्याची एक ठरलेली युक्ती होती: झगा कशात तरी अडकतो, पाय उघडे पडतात आणि तरुणी दचकते. सारे अपघाताने घडलेले. त्यामुळे तिच्यावर ठपका नाही आणि पाहणाऱ्यालाही संकोच नाही. हे चित्र टाचणीने भिंतीवर लागे, बहुधा पुरुषांच्याच वावराच्या जागी.

आपला दिवाळी अंक माजघरात फिरे. सासू, सून, शाळकरी मुले सगळ्यांच्या हाती पडे. म्हणून दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या परंपरेतल्या चित्रसुंदरीला निमित्त लागते ते सणाचे. हातातल्या निरांजनाचा उजेड चेहऱ्यावर पडतो, पापण्या झुकतात. ती दिव्याकडे पाहते, त्यामुळे आपल्याला तिच्याकडे निर्धास्त पाहता येते. दिवा मांगल्याचे प्रतीक खराच. पण तो पाहण्याचा परवानाही आहे. पदर झाकतो आणि देहाची रेषाही दाखवतो.

मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’ने हा परवानाच थट्टेचा विषय केला. खिडकीचित्रात कापलेल्या चौकटीतून काहीतरी चावट दिसते. पान उलटावे तर प्रसंग अगदी साधा निघतो. एल्व्हग्रेन अपघात बाईच्या झग्यावर ढकलतो, खिडकी तो वाचकाच्या डोळ्यात शोधते. म्हणून मला खिडकी अधिक प्रामाणिक वाटते. तरी फसणारा डोळा पुरुषाचाच धरलेला असतो, आणि त्याला फसवायला देह बहुधा बाईचाच लागतो.

‘आपली चित्रे सोज्वळ, त्यांची उत्तान’ ही वाटणी म्हणूनच मला पटत नाही. फरक नीतीचा कमी, चित्र कुठे ठेवले जाते याचा जास्त.

दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे कापसाची वेचणी चालते. वेचणारीच्या कमरेला कापडाची झोळी असते; तिचे कापड झाकण्या-दाखवण्यासाठी नसते, त्यात कापूस भरायचा असतो. माझ्या गठ्ठ्यातल्या एकाही मुखपृष्ठावर ती नाही. निरांजनातली वात मात्र कापसाचीच आहे.