ताग, हेंप आणि लेबलावर नसलेले हात

‘हेंप’ला मराठीत अजून धड नाव मिळालेलं नाही. भांग म्हटलं की होळी आठवते, गांजा म्हटलं की पोलीस. म्हणून विकणाऱ्यांनी इंग्रजी शब्दच ठेवला आणि तो त्यांच्या पथ्यावर पडला. हेंपचा शर्ट असो, पिशवी असो की उशीचा अभ्रा, खालचं वर्णन एकाच साच्यातलं असतं: पाणी कमी, फवारणी कमी, टिकाऊ, शिवाय ‘मुळांकडे परत’. मी हा मजकूर पुस्तकाच्या ब्लर्बसारखा वाचते. काय सांगितलंय ते ठीक, पण काय गाळलंय?

हे तपासायला लासुर्णे ही बरी जागा आहे. बारामतीहून इंदापूरकडे जाताना भवानीनगर संपलं की लागतं. दोन्ही बाजूंना ऊस. हेंप इथे कुणी पिकवत नाही, पण उसाआधीच्या रिकाम्या रानात ताग दिसतो. तागाला इंग्रजीत ‘सन हेंप’ म्हणतात. नाव सोडलं तर भांगेशी त्याचं काही नातं नाही. तो शेंगवर्गातला, तुरी-हरभऱ्याच्या भावकीतला. पेरल्यावर दीडेक महिन्यात पिवळ्या फुलांवर येतो आणि तेव्हाच त्याला रानात गाडतात. मुळांवरच्या गाठींनी धरलेलं नत्र आणि कुजलेला पाला उसाला मिळतो. पिढ्यानपिढ्या ज्या खोडाच्या सालीतून दोर निघाला, त्याचा एक धागाही कुणी काढत नाही. याला मी नासाडी म्हणणार नाही. जमिनीसाठी यापेक्षा चांगला उपयोग सापडणं अवघड आहे.

पण धागा कसा निघायचा, ते कॅटलॉगमध्ये कधीच नसतं. ताग किंवा अंबाडी कापायची, पेंढ्या बांधायच्या, साठलेल्या पाण्यात बुडवून वर दगड ठेवायचे. काही दिवसांनी साल सुटते. मग कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ती सोलायची, आपटायची, धुवायची, वाळवायची. पाण्याला घाण वास सुटतो, हात सोलवटतात. उरतो तो वाख. त्याला पीळ दिला की कासरा, दावं, मोटेचा नाडा. हे काम गावगाड्यात प्रामुख्याने मांग समाजाकडे होतं. मोबदला बलुत्याचा, म्हणजे खळ्यावर देतील तेवढं धान्य. त्यांनी वळलेल्या दाव्याने सगळ्या गावाचे बैल बांधले जायचे आणि वळणाऱ्याचं घर मात्र गावकुसाबाहेर. दोराला विटाळ नव्हता, हाताला होता.

म्हणून ‘आपले पूर्वज निसर्गाच्या जवळ राहायचे’ छापाचं वाक्य आलं की मी थांबते. कुणाचे पूर्वज? नायलॉनचा दोर आला तेव्हा पर्यावरणाचं नुकसान झालंच, आणि दोर वळणाऱ्यांचं उत्पन्नही गेलं. पण त्याच नायलॉनने काही जणांची त्या कुजक्या पाण्यातून सुटकाही केली. ‘इको-फ्रेंडली’ या शब्दात ही दुसरी बाजू मावत नाही.

झाडाचं नाव पुढे करून प्रक्रिया झाकायची ही युक्ती बांबूच्या कापडात सर्वांत उघडी पडते. बांबूचे म्हणून विकले जाणारे मऊ मोजे-टॉवेल बहुतेक वेळा व्हिस्कोस असतात. बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडमधून काढून केलेला धागा. कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2009 मध्ये अशा कापडाला नुसतं ‘बांबू’ म्हणणाऱ्या विक्रेत्यांवर कारवाई केली. खोटं काय होतं? झाड तर बांबूच होतं.

हेंपचं तसं नाही, हे मान्य करायला हवं. त्याचा धागा खरोखर सालीचा आणि चिवट असतो. पण तो ‘आपल्या मातीतला’ असल्याचा सूर फसवा आहे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात धागा आणि बियांसाठी लागवडीला परवानगी देण्याचा अधिकार सरकारला आहे; शेतकऱ्याने मनाने पेरायची सोय नाही. उत्तराखंडने 2018 मध्ये परवाने द्यायला सुरुवात केली. लासुर्ण्यातल्या शेतकऱ्यासाठी आजही हेंप फोनवर दिसणारीच गोष्ट.

या पट्ट्यातलं मुख्य पीक साखरेचं आहे, तेव्हा तिच्या पोत्याकडेही बघू. 1987 च्या ज्यूट पॅकेजिंग कायद्याखाली साखरेच्या 20 टक्के मालासाठी ज्यूटची पोती सक्तीची आहेत. ते ज्यूट मुख्यतः बंगालमधून येतं. आपण त्यालाही तागच म्हणतो, हा आणखी एक घोळ. उरलेली बहुतेक साखर प्लास्टिकच्या पोत्यांत. फॅशनच्या चर्चेत मात्र पोतं येत नाही, कारण पोत्याचा फोटो कुणी टाकत नाही.

मग इथल्याच तागाचा धागा का काढू नये, असं एखादा उत्साही ब्रँड विचारेल. धाग्यासाठी ताग तीन महिने किंवा जास्त उभा ठेवावा लागतो. आडसाली उसाची लागण मात्र जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत उरकायची असते. मेअखेरीला पेरलेला ताग फुलावर येतो तो जुलैच्या मध्याला. त्या आठवड्यात धाग्याला उसापेक्षा जास्त भाव देणारं कुणी बांधावर उभं नसतं. रोटाव्हेटरवाला असतो, आणि त्याचा ताशी दर ठरलेला असतो.