लिंबाच्या केकपर्यंतची उतरण

पाककलेच्या टीव्ही स्पर्धा शेवटाकडे येतात तशा बहुतेक फुगत जातात. ताटातले घटक वाढतात, थरावर थर चढतात, नवी यंत्रं येतात, संगीत धडधडू लागतं. 'द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ'चं २०१५ सालचं सहावं पर्व पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटतं ते त्याच्या उलट्या चालीमुळे. त्याच्या शेवटच्या तीन भागांत अवघडाकडून साध्याकडे जाणारी एक सुरेख उतरण आहे, आणि ती सर्वांत नेमकी ओळखली स्पर्धक नादिया हुसेनने. ७ ऑक्टोबरला बीबीसी वनवर अंतिम फेरी झाली. सुमारे दीड कोटी लोकांनी ती पाहिली. या सगळ्यांसमोर तिने शेवटचा पदार्थ म्हणून ठेवला लिंबाचा केक.

बर्कशायरमधल्या वेलफर्ड पार्कच्या हिरवळीवर उभा केलेला पांढरा तंबू, त्यात बारा हौशी बेकर, आणि दर भागात तीन कामं. पहिला पदार्थ घरी सराव करून आणलेला असतो. दुसरा आयत्या वेळी समोर येतो. त्याची कृती मुद्दाम अर्धीमुर्धी दिलेली असते आणि कोणता नमुना कुणाचा हे परीक्षकांना माहीत नसतं. तिसरा दिमाखाचा. दहा भागांत ही चौकट बदलत नाही, म्हणूनच तिच्यातले बारीक फरक डोळ्यांत भरतात. इयन कमिंग हा छायाचित्रकार दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात सलग 'स्टार बेकर', म्हणजे त्या आठवड्याचा सर्वोत्तम, ठरला. नादियाला हा मान मिळाला पाचव्या, आठव्या आणि नवव्या आठवड्यात. दोघांचे मान सारखेच, पण तिचा आलेख अंतिम फेरीकडे चढत जाणारा. भूलतज्ज्ञ होण्याचं शिक्षण घेणारा तमल रे सातव्या आठवड्यात एकदाच पहिला आला, तरी त्याच्या हाताची शांत चाल पाहताना हा कुठेही घसरणार नाही असं सतत वाटत राहतं.

आठवा आठवडा फ्रेंच पेस्ट्रीचा. त्यातला दिमाखाचा पदार्थ होता 'रिलिजिअस'. एक्लेअर उभे रचून त्यांचा मनोरा करायचा, आणि तो कशाचाही आधार न घेता उभा राहायला हवा. जुन्या फ्रेंच पद्धतीच्या या पदार्थात नादियाने भरलं काय, तर पेपरमिंट आणि बबलगम. वाचताना हा पोरखेळ वाटेल. पण तिचा स्वभाव इथे स्वच्छ दिसतो. तिची जीभ लहानपणच्या चवींशी जोडलेली आहे आणि त्या चवी पाहुण्यांसमोर मांडायला ती लाजत नाही. त्या चवीला आधार म्हणून जी शू पेस्ट्री लागते, ती मात्र तिने काटेकोर केली. पोकळ फुगलेली, बाहेरून कोरडी, भार पेलणारी. चव खट्याळ आणि बांधणी कडक, हा तिचा खास मेळ आहे.

उपान्त्य फेरी चॉकलेटची. दुसऱ्या कामात सुफ्ले आला. उरलेल्या चौघांना एकदम सुरू करू न देता थोड्या थोड्या अंतराने सोडलं गेलं, कारण ओव्हनमधून बाहेर आलेला सुफ्ले परीक्षकांची वाट पाहत नाही, बसायला लागतो. या कार्यक्रमाचं सगळं नाट्य पदार्थाच्या अशा स्वभावातून येतं, ही त्याची मोठी ताकद. ओव्हनच्या काचेसमोर जमिनीवर बसून आत पाहणाऱ्या स्पर्धकाचं दृश्य प्रत्येक पर्वात असतं, पण नादियाच्या चेहऱ्यावर ते जितकं वाचता येतं तितकं इतर कुणाच्या नाही. तिच्या भुवया, तिचे ओठ, डोळ्यांतलं आश्चर्य, सगळं ओव्हनमधल्या फुगण्याबरोबर वर जातं आणि खाली येतं. दिग्दर्शकाने हे लवकर ओळखलं असणार, कारण कॅमेरा तिच्यापाशी थांबतो आणि सूत्रसंचालक मेल गिड्रॉइच व स्यू पर्किन्स यांना काही बोलावं लागत नाही.

मग तिने चॉकलेटचा मोर केला. निळा, मान वळवलेला, पिसारा सोडून बसलेला. आठव्या-नवव्या आठवड्यांतली ही तिची सर्वांत मोठी झेप. त्याच फेरीत फ्लोरा शेडन बाहेर पडली, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. फ्लोराचं काम देखणं असायचं, पण एका पदार्थाला जोड म्हणून आणखी एखादी गोष्ट करण्याचा तिचा ओढा परीक्षकांना खटकत आला होता. ती तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांची होती, आणि त्या वयात हे करावंसं वाटणारच. मला तिचं जाणं लागलं, पण निकाल योग्य वाटला. जिथे तिघेच उरणार, तिथे पदार्थात काय नको हे ठरवता आलंच पाहिजे.

एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही, ती म्हणजे टॉम होवीची रेखाटनं. स्पर्धक आपला बेत सांगतो तेव्हा पडद्यावर त्या पदार्थाचं रंगीत चित्र येतं, बाणांनी घटक दाखवलेले, सगळं नीटनेटकं. प्रेक्षकाच्या मनात आधी हे आदर्श रूप बसतं. नंतर टेबलावर येतो तो खरा पदार्थ, थोडा कललेला, कुठे क्रीम ओघळलेली. या दोन चित्रांमधल्या अंतरातच प्रत्येक भागाची उत्कंठा आहे. अंतिम फेरीत नादियाच्या बाबतीत हे अंतर जवळजवळ मिटतं, आणि ते पाहताना जो आनंद होतो तो निकालाच्या आनंदापेक्षा मला मोठा वाटतो.

अंतिम फेरीची तीन कामं पाहा: आयसिंग लावलेले लांबट बन, रास्पबेरीचे मिल-फय, आणि एकाच चवीचा, थरांवर थर असलेला अस्सल ब्रिटिश केक. मोरानंतर बन! इंग्लंडच्या कोणत्याही बेकरीत काचेमागे दिसणारा, शाळेतून येताना मुलं खातात तो. इथे झाकायला काही नाही. यीस्टचं गोड पीठ नीट फुगलं की नाही, सगळे बन एका मापाचे आहेत की नाही, आयसिंग काठावर थांबलंय की ओघळलंय, एवढंच. एरवी मोजूनमापून काम करणाऱ्या इयनच्या हातून पिठात साखर घालायचीच राहिली. त्याच्यासारख्या माणसाकडून हे व्हावं, यावरूनच त्या तंबूतला ताण कळतो. नादियाच्या बनांपैकी एका प्रकारात वेलची आणि बदाम होते. आपल्या कोणत्याही मिठाईत सापडणारी ही जोडी तिने इंग्रजी बनात घातली, आणि ती उपरी वाटली नाही, कारण वेलची तिथे वासापुरतीच होती. परीक्षक पॉल हॉलिवूड ब्रेडच्या बाबतीत सहज मान डोलावणारा माणूस नव्हे.

मिल-फय म्हणजे पफ पेस्ट्रीचे तीन थर आणि मध्ये भरण. लोण्याची थंड लादी पिठात गुंडाळायची, लाटायची, घडी घालायची, गार करायची, पुन्हा लाटायची. लोणी वितळलं तर थर एकमेकांत मिसळून जातात. गार राहिलं तर भट्टीत पाण्याची वाफ होते आणि ती थर वेगळे करते. त्यातून मिल-फयमध्ये हे फुगणं आवरूनही धरावं लागतं, नाही तर वरचा थर बसतच नाही. म्हणजे फुगवायचं आणि दाबायचंही, कृतीतल्या मोकळ्या जागा आपल्या समजुतीने भरत. या कामात नादिया पहिली आली. नाव न बघता केलेल्या परीक्षणात पहिली, हे महत्त्वाचं. तिच्या चेहऱ्याची मोहिनी तिथे कामाला येणार नव्हती.

शेवटच्या कामात तिघांनी तीन वाटा घेतल्या. तमलने स्टिकी टॉफी पुडिंगचा केक केला आणि त्यावर साखरेची जाळी पसरली. चीनमधलं एक ओस पडलेलं, वेलींनी गिळलेलं मच्छीमारांचं गाव त्याच्या मनात होतं. कल्पना म्हणून तिघांत ती सर्वांत काव्यमय. इयनने गाजराच्या केकचे वळणदार मजले उभे केले. त्यात त्याची अभियंत्यासारखी बुद्धी दिसते. नादियाने निवडला लेमन ड्रिझल. लोणी, साखर, अंडी, मैदा, लिंबाची साल. केक गरम असतानाच त्याला टोचे मारून वरून लिंबू-साखरेचा पाक सोडायचा, तो आत मुरतो. इंग्लंडमध्ये घरोघरी, गावजत्रेच्या टेबलावर हा केक असतो. दुसरी परीक्षक मेरी बेरी स्वतः तो पिढ्यान् पिढ्यांना शिकवत आलेली. तिच्यासमोर हाच केक ठेवायचा, म्हणजे त्याची चव जिच्या जिभेवर पक्की बसली आहे तिलाच तपासायला देणं. यापेक्षा धीट निवड त्या तंबूत झाली नाही असं मी ठामपणे म्हणेन.

केक तिने लग्नाचा म्हणून सजवला. बांगलादेशात झालेल्या तिच्या लग्नात केक नव्हता, तो आता केला. वर तिच्या लग्नातले दागिने, खाली स्टँडभोवती लाल, पांढरं आणि निळं साडीचं कापड. ब्रिटिश झेंड्याचे हे रंग पाहून काहींना त्यात निष्ठा सिद्ध करण्याची धडपड दिसली असेल. मला तसं वाटत नाही. ल्युटनमध्ये जन्मलेल्या, सिल्हेटी कुटुंबातल्या मुलीला तो देश सिद्ध करून दाखवायचा नव्हता. साडीही तिची आणि रंगही तिचे. मांडणी नीट पाहिली तर कळतं की साडी केकवर नाही, केकखाली आहे. केकची चव तिने बदलली नाही. त्यात वेलची नाही, केशर नाही. बनात जो हात मोकळा सोडला होता तो इथे पूर्ण आवरला.

हे आवरणं कुठून आलं असेल? तिच्या आईच्या घरी ओव्हन होता, पण त्यात तवे आणि पातेली ठेवलेली असायची. ओव्हनमध्ये भाजतात हे तिला शाळेतल्या गृहशास्त्राच्या बाईंनी शिकवलं. आपल्याकडेही भाजणं घराबाहेरचंच होतं. नानकटाईचं पीठ घरी मळायचं, पत्र्याच्या ट्रेमध्ये लावायचं आणि गल्लीच्या टोकाच्या बेकरीत भट्टीवर नेऊन द्यायचं, हे महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी केलेलं आहे. जी विद्या घरात वारशाने येत नाही, ती शिकणारा माणूस तिचं व्याकरण जास्त निष्ठेने पाळतो. त्या शिस्तीनंतर स्वातंत्र्य कुठे घ्यायचं आणि कुठे नाही, हे ठरवण्याचा अधिकार तिने कमावला होता.

निकालाचा प्रसंग बाहेर, हिरवळीवर. कुटुंबं जमलेली, आधी बाहेर पडलेले स्पर्धक आलेले. नाव जाहीर करण्याआधीचा तो लांबवलेला थांबा मला आजही नकोसा वाटतो. इतक्या संयमी कार्यक्रमाला त्या क्लृप्तीची गरज नव्हती. बक्षीस म्हणजे फुलं आणि कोरलेला केक-स्टँड, पैसा नाही. विजेती ठरल्यावर नादिया जे बोलली ते ब्रिटनमध्ये अनेकांना पाठ आहे. यापुढे स्वतःभोवती कुंपण घालणार नाही, जमणार नाही असं म्हणणार नाही, असा तिचा भाव होता. शब्द साधे आहेत आणि ती ते रडत, अडखळत उच्चारते. पण या दहा भागांत आपण तिला प्रत्येक पदार्थाआधी स्वतःवर शंका घेताना पाहिलेलं असतं, म्हणून ते भाषण वाटत नाही. तिच्याबद्दल बोलताना मेरी बेरीचा आवाज भरून येतो आणि ती डोळे पुसते. इतकी पर्वं मोजकं बोलणाऱ्या बाईचं हे रडणं दिग्दर्शकाने कापलं नाही, याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत.

पुढच्या वर्षी, एप्रिल २०१६मध्ये, राणी एलिझाबेथच्या नव्वदाव्या वाढदिवसाचा केक करायला नादियालाच सांगितलं गेलं. जांभळ्या-सोनेरी रंगांचा तीन मजली केक झाला. तेव्हाही आत तिने ठेवला ड्रिझल केकच, फक्त लिंबाऐवजी संत्र्याचा.