हलके सामान

मनोरच्या मस्तान नाक्यावर चहा घेत उभे राहावे, तर अहमदाबाद हायवेवरून जाणाऱ्या कंटेनरांची रांग चहा संपला तरी संपत नाही. त्या पेट्यांत काय आहे हे ड्रायव्हरला ठाऊक असण्याची गरजच नसते. १९५६ साली माल्कम मॅकलीन नावाच्या अमेरिकन वाहतूकदाराने अशा ५८ पेट्या 'आयडियल-एक्स' जहाजावरून न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे धाडल्या. त्यानंतर हळूहळू जगाने पेटीत डोकावण्याचा नाद सोडला.

हीच युक्ती २०१३ पासून 'डॉकर'ने संगणकवाल्यांच्या घरोघर पोचवली. प्रोग्रॅम त्याच्या बिऱ्हाडासकट एका पेटीत बसवायचा आणि पेटी कुठल्याही यंत्रावर उतरवायची.

"मामा, तुमच्या जुन्या संगणकावर बसवू या," भाचा म्हणाला. "खाली अल्पाइन लिनक्स घालू. एकदम हलकी सिस्टिम!"

हलकी खरीच. डॉकरसाठीची तिची मूळ पेटी जेमतेम पाच मेगाबाइटांची असते. मोबाइलवर येणारा सुप्रभाताचा व्हिडिओसुद्धा याहून जड असतो. पण हलके म्हणजे काय, तर जे लागेल ते तिथे नसणे! डॉकर ज्या 'कम्युनिटी' भांडारात मिळतो, त्याची ओळ यादीत असते, पण तिच्यापुढे बंदीची खूण असते. ती खोडा, मग 'एपीके ॲड डॉकर' म्हणा. डॉकर आला. आता यंत्र सुरू होताना यालाही उठवत जा, असे 'ओपनआरसी'ला वेगळे बजावा. नाही बजावले, तर वीज जाऊन आल्यावर सगळे घर जागे आणि डॉकर तेवढा झोपलेला.

मग मी पत्रांची यादी ठेवणारा एक प्रोग्रॅम अल्पाइनच्याच पेटीत घातला. उत्तर आले, 'नॉट फाउंड'. फाइल डोळ्यांसमोर दिसते आहे आणि हा म्हणतो सापडत नाही! पेन्शनर खिडकीशी स्वतः उभा असताना त्याच्याकडे हयातीचा दाखला मागतात, त्यातलाच प्रकार. कारण नंतर कळले. लिनक्सचे बहुतेक तयार प्रोग्रॅम 'जीलिबसी' नावाच्या भरभक्कम ग्रंथालयावर विसंबून असतात. अल्पाइनने वजन वाचवण्यासाठी 'मसल' हे सडसडीत ग्रंथालय ठेवले आहे. हरवला होता प्रोग्रॅमला उठवणारा मदतनीस आणि आळ आला बिचाऱ्या फायलीवर. शेवटी डेबियनची जड पेटी आणली, तेव्हा गाडी चालू लागली. म्हणजे हमाली वाचली नाहीच, डोक्यावरची खांद्यावर आली.

खरा घाव पुढेच बसला. वडिलांनी आईला तिच्या माहेरी लिहिलेल्या २१२ पत्रांची तारीखवार यादी मी दोन महिने बसून त्यात भरली. भाच्याने प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आणली, जुनी पेटी पुसली, नवी उभी केली. यादी गेली! पेटीत लिहिलेले पेटीबरोबरच जाते. टिकवायचे ते 'व्हॉल्यूम' नावाच्या बाहेरच्या कोठीत ठेवावे लागते.

"ट्रंक बदलताना आतलं आधी बाहेर काढतात, एवढं मलाही कळतं," सौभाग्यवती म्हणाल्या.

माझी तक्रार अल्पाइनबद्दल नाही. आपण काय टाकून आलो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ती उत्तमच. तक्रार आहे ती 'पाच ओळींत डॉकर बसवा' म्हणणाऱ्या टिपणांबद्दल. ती 'हॅलो वर्ल्ड'पाशी येऊन थांबतात. जगाला नमस्कार झाला, पण संसार कुठे ठेवायचा हे कोण सांगणार? कोठी आधी दाखवा, पेटी मागाहून.

पत्रे सुदैवाने खऱ्या ट्रंकेत होती. आता व्हॉल्यूम बांधून यादी पुन्हा करतो आहे. काल सदतिसावे पत्र हाती आले. वडिलांनी आईला बजावले आहे, 'मनोरला येताना सामान अगदी हलके आण.' आणि खाली आणायच्या चौदा वस्तूंची यादी दिली आहे. त्यात एक पाटा-वरवंटाही आहे.